अर्ध्या कपाळाला घाम

डॉक्टरताई, नमस्कार.

आम्ही इचलकरंजीचे. आमचे हे यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करतात, वय ५४. पाच महिने झाले, ह्यांचा उजवा खांदा धरलाय. हाडाच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं. शेक झाला, व्यायाम झाले, खांद्यात एक इंजेक्शनही झालं. आठ दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. रात्री झोपवत नाही, उठून भिंतीला टेकून बसतात. करंगळीला मुंग्या येतात म्हणतात. महिन्यापूर्वी मुलीची सुपारी फुटली. त्याचे फोटो आले तेव्हा लक्षात आलं, ह्यांचा उजवा डोळा बारीक दिसतोय, पापणी थोडी खाली आलीय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर काढून दिला, थेंब दिले आणि वयामुळे पापणी सैल पडते म्हणाले.

परवा डबा द्यायला कारखान्यात गेले. ह्यांच्या कपाळाला डावीकडे घाम निथळत होता आणि उजवी बाजू कोरडी ठाक. मी हात लावून बघितलं. हे म्हणाले, पंखा त्या बाजूला आहे. पंखा तर समोर होता. रात्री भाचीने मोबाईलवर शोधलं तर त्यात कॅन्सर असं आलं. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. ह्यांना खोकला नाही, ताप नाही. विडी आहे, पंचविशीपासून.

डोळ्यावरून कॅन्सर कळतो का? ह्यांना सांगू कसं? मुलीचं लग्न सात आठवड्यांवर आलंय. ते झाल्यावर तपासलं तर चालेल का?

एक वाचक, इचलकरंजी

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही चालणार. लग्नाची वाट बघू नका. याच आठवड्यात त्यांच्या छातीचा आणि मानेच्या खालच्या भागाचा सीटी स्कॅन व्हायला हवा.

मी तुमच्या यजमानांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांना कॅन्सर आहे असं मी म्हणू शकत नाही आणि म्हणतही नाही. पण खांदा, करंगळी, पापणी आणि घाम या चार तक्रारी एकाच बाजूच्या आहेत, काही महिन्यांत एकामागोमाग आल्या आहेत, आणि माणूस तीस वर्षं विडी ओढणारा आहे. अशा वेळी उजव्या फुप्फुसाचं टोक डोळ्यांखालून घातल्याशिवाय कुणाही डॉक्टरने स्वस्थ बसू नये.

तुम्ही कपाळाला हात लावून बघितलात, ते फार मोलाचं काम झालं. का ते सांगते.

आपली वरची पापणी उचलून धरण्याचं मुख्य काम एका मोठ्या स्नायूचं. त्याच्या मदतीला एक छोटा स्नायू असतो, तो पापणी आणखी एकदोन मिलिमीटर वर ताणून ठेवतो. या छोट्या स्नायूला हुकूम देणारी नस वेगळी आहे. तीच नस अंधारात डोळ्याची बाहुली मोठी करते, आणि तिच्याच जाळ्यातून चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम सुटतो. डोळा मेंदूच्या इतका जवळ, म्हणजे नसही सरळ जात असेल असं कुणालाही वाटेल. ती तशी जात नाही. मेंदूतून निघून ती पाठीच्या कण्यातून मानेच्या तळापर्यंत खाली उतरते, तिथून बाहेर पडून फुप्फुसाच्या टोकावरून वळसा घेते आणि मग मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून पुन्हा वर डोळ्यापर्यंत चढते. हासळीच्या हाडाच्या वर जो खळगा असतो त्यात बोट ठेवून बघा. बोटाच्या खाली, आत, फुप्फुसाचं टोक असतं. तिथे गाठ झाली तर ती या नसेला दाबते आणि त्याची खूण उमटते थेट डोळ्यावर. पापणी जरा उतरते, बाहुली बारीक होते, अर्धा चेहरा कोरडा राहतो. खालची पापणीही किंचित वर सरकते, म्हणून डोळा आत गेल्यासारखा, बारीक दिसतो. तुम्ही "डोळा बारीक दिसतोय" हाच शब्द वापरलाय.

त्याच टोकाला लागून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा असतो. त्यातल्या सगळ्यात खालच्या नसा हाताच्या आतल्या बाजूने कोपरावरून करंगळीपर्यंत जातात. त्या दाबल्या की दुखणं खांद्यात जाणवतं, पण खांद्याच्या सांध्यात काही नसतं. म्हणून शेक आणि इंजेक्शन लागू पडत नाही. खरा फ्रोझन शोल्डर असेल तर दुसऱ्याने हात धरून बाहेरच्या बाजूला फिरवला तरी तो अडतो. तुमच्या यजमानांचा हात दुसऱ्याने फिरवल्यावर फिरतो का, हे हाडाच्या डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आणि एकदा त्यांचे दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवून बघा. उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग डाव्यापेक्षा बसलेला दिसतो का? तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारायला त्यांना अलीकडे वेळ लागतो का? जॉबर माणसाचा हात आहे, फरक त्यांना स्वतःला सगळ्यात आधी कळला असेल. बोलले नसतील.

खोकला नाही म्हणून धीर धरावासा वाटतो, मला समजतं. पण टोकावरची गाठ मोठ्या श्वासनळ्यांपासून लांब असते. ती सुरुवातीला खोकवत नाही, रक्त पाडत नाही. फुप्फुसाच्या शंभर कॅन्सरमध्ये असे तीन ते पाचच असतात, आणि ते नेमके खांद्याच्या नाहीतर मानेच्या दुखण्याच्या नावाखाली महिनोन्‌महिने लपून राहतात.

झ्यूरिकचे नेत्रवैद्य योहान फ्रीडरिक हॉर्नर यांनी १८६९ साली चाळिशीच्या एका शेतकरी बाईची उतरलेली पापणी आणि बारीक झालेली बाहुली नीट नोंदवून ठेवली. त्यांच्या नावावरून या खुणांना हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. पुढे फिलाडेल्फियाचे क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी १९३२ मध्ये फुप्फुसाच्या टोकावरच्या गाठीबद्दल लिहिलं, तेव्हा शीर्षकातच तिची ओळख सांगितली: दुखणं, हॉर्नर सिंड्रोम, हाडाची झीज आणि हातातले स्नायू वाळणं. म्हणून तिला पॅनकोस्ट ट्यूमर हे नाव पडलं. नव्वद वर्षांपूर्वी छापून आलेली ओळख आहे ही, तरी आजही निसटते. कारण खांदा दाखवला जातो एकाला आणि डोळा दुसऱ्याला. हाडाचे डॉक्टर पापणीकडे बघत नाहीत, आम्ही डोळ्यांचे डॉक्टर खांद्याचं विचारत नाही. आणि घामाचं कुणालाच सांगितलं जात नाही, कारण ती काय सांगायची गोष्ट आहे का, असं वाटतं.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. दवाखाना नवीन होता तेव्हा माझ्याकडे एक एसटीचे चालक आले होते. डावी पापणी उतरलेली. मी नजर तपासली, जवळचा नंबर दिला, वयामुळे आहे म्हणून सांगितलं. निघताना त्यांनी चष्म्याचं घर डाव्या हाताने उचललं, ते निसटलं, मग उजव्या हाताने उचलून खिशात घातलं. मी ते बघितलं. दारातून बाहेर पडताना "खांद्याने लय हैराण केलंय बघा" असंही ते म्हणाले. मी पुढच्या पेशंटचा कागद हातात घेतला होता. सात महिन्यांनी त्यांच्या मुलाने मला छातीचा स्कॅन आणून दाखवला. तोवर रोग मणक्यात उतरला होता. त्यानंतर एका डोळ्याची पापणी उतरलेला माणूस समोर बसला की मी त्याची बाहुली दिवा मालवून बघते आणि खांदा, हात, विडी-सिगारेट हे तिन्ही विचारते. तुमचं पत्र वाचताना ते चष्म्याचं घर मला पुन्हा दिसलं.

आता दुसरी बाजू, कारण रात्री झोप लागायला तीही हवी. पापणी उतरण्याची कारणं पुष्कळ आहेत. साठीच्या आसपास मोठा स्नायू खरोखरच सैल होतो, बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत थोडाफार. सकाळी पापणी ठीक आणि संध्याकाळपर्यंत पार मिटते असं असेल तर मायस्थेनिया हा स्नायू थकण्याचा वेगळा आजार असू शकतो, आणि त्यातही छातीचा स्कॅन लागतोच. हॉर्नर सिंड्रोमसुद्धा दर वेळी कॅन्सरमुळे नसतो. मानेला मार लागल्याने होतो, मानेच्या ऑपरेशननंतर होतो, कधी कधी सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. काहींना तो लहानपणापासून असतो. म्हणून जुने फोटो काढा. तुमच्या लग्नातला, मुलीच्या बारशातला, आधार कार्डावरचा, जो असेल तो. वीस वर्षांपूर्वीच्या फोटोतही उजवा डोळा असाच असेल तर माझी निम्मी काळजी तिथेच उतरेल. नवा असेल तर फोटोंवरून डॉक्टरांना साधारण कधीपासून ते कळेल.

घरी एक गोष्ट करून बघता येईल. रात्री खोलीतला मोठा दिवा मालवा, बाजूच्या खोलीचा उजेड येऊ द्या. त्यांना लांब भिंतीकडे बघायला सांगा आणि मोबाईलची बॅटरी खालून, हनुवटीच्या बाजूने तिरकी धरा. थेट डोळ्यात नको. आपले डोळे काळेभोर, बाहुली पटकन दिसत नाही, म्हणून जरा वेळ लागेल. मंद उजेडात डावी बाहुली मोठी आणि उजवी बारीकच राहिलेली दिसली, तर ते डॉक्टरांना सांगा. काही कळलं नाही तरी स्कॅन रद्द करायचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आप्राक्लोनिडिन नावाचे थेंब असतात. हॉर्नर असेल तर त्यांनी ती बारीक बाहुली मोठी होते आणि पापणी उचलते, त्यावरून पक्कं कळतं. पापणीचं ऑपरेशन कुणी सुचवलं तर सध्या नको म्हणा.

कुणाकडे जायचं? छातीच्या डॉक्टरांकडे. इचलकरंजीत आयजीएम रुग्णालय आहे, कोल्हापूरला सीपीआर आहे, खाजगीत जायचं तर तेही चालेल. फक्त साध्या एक्स-रेवर समाधान मानू नका. फुप्फुसाचं टोक एक्स-रेत हासळीच्या आणि पहिल्या बरगडीच्या आड जातं आणि छोटी गाठ तिथे सहज सुटते. इंजेक्शन देऊन काढलेला सीटी लागतो. त्यासाठी आधी मूत्रपिंडं नीट काम करतात का ते कळायला रक्तात क्रिएटिनिन तपासतात, त्या रक्ततपासणीला उपाशीपोटीचं वगैरे लफडं नसतं. गाठ दिसलीच तर नसा आणि मणका बघायला एमआरआय लागेल.

इथे एक धोका आपल्या भागात जास्त आहे. फुप्फुसाच्या टोकावर डाग दिसला की तो टीबीचा असेल असं धरलं जातं, कारण टीबीलाही तीच जागा आवडते. असूही शकेल, आणि असला तर आनंदच, तो औषधांनी बरा होतो. पण बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडल्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू करून "सहा महिन्यांनी बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सुई घालून तुकडा काढायला सांगा. सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे तुम्हाला शेजारीपाजारी दहा जण सांगतील. फुप्फुसाच्या गाठीच्या बाबतीत त्या भीतीपायी तपासणी टाळण्यात काडीचा अर्थ नाही. तुकड्याशिवाय तो कुठला कॅन्सर आहे हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण लग्न तोंडावर असलेल्या घरात तो विचार आधी येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि किरणोपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी तिथे उभं राहायचं, खर्च करून झाल्यावर नव्हे.

आणि समजा कॅन्सर निघालाच. पॅनकोस्टच्या काळात या गाठीला हात लावत नसत. १९६१ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या सर्जननी आधी किरणं देऊन मग ऑपरेशन करण्याची पद्धत मांडली आणि चित्र बदललं. आज आधी केमो आणि किरणं बरोबरीने देतात, गाठ आकसली की ऑपरेशन. रोग दुसरीकडे गेलेला नसेल तर तो पूर्ण बरा करायचा म्हणूनच उपचार होतात. पापणी मात्र नंतरही तशीच राहण्याची शक्यता आहे. राहू दे. अशा उपचारासाठी छातीचे सर्जन, केमोचे आणि किरणांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतील अशी जागा हवी. परळचं टाटा रुग्णालय त्यासाठी आहे. तिथल्या गर्दीला घाबरून इथेच कुठेतरी अर्धवट सुरुवात करू नका. सगळे कागद घेऊन एकदा तिथला सल्ला घ्या, पुढचे उपचार जवळ करता येतील का ते त्यांनाच विचारा.

ह्यांना कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलंय. तुमच्या जागी मी असते तर इतकंच म्हटलं असतं: "खांदा, करंगळी आणि डोळा हे एकाच जागच्या नसांचं दुखणं असू शकतं. त्या नसा छातीच्या वरच्या टोकापासून जातात. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन करायला सांगितलंय, उद्या जाऊ." यात एकही शब्द खोटा नाही. कॅन्सर हा शब्द स्कॅनच्या आधी घरात आणायची गरज नाही, आणि विडीवरून भांडण तर मुळीच नको. तीस वर्षांचा हिशेब आत्ता काढला तर ते स्कॅनलाच येणार नाहीत. विडी बंद करायला डॉक्टरच सांगतील, आणि ऑपरेशनसाठी सांगितलं की माणसं ऐकतात.

पण रिपोर्ट आल्यावर मात्र त्यांच्यापासून काही लपवू नका. आपल्याकडे घरातले सगळे मिळून पेशंटलाच अंधारात ठेवतात, डॉक्टरांना डोळ्याने खुणावतात. मी हे इतक्या वेळा बघितलंय! माणसाला कळतंच. मग तो एकटा भितो आणि घरातली माणसं एकटी रडतात. काही निघालं तर डॉक्टरांनी ते त्यांनाच सांगावं, तुम्ही शेजारच्या खुर्चीवर असावं. मुलीलाही सांगा. पुढे तिला कळेल की लग्नासाठी बाबांची तपासणी लांबवली होती, ते ओझं तिच्यावर नको.

लग्न मोडायचं किंवा पुढे ढकलायचं कारण मला आज तरी दिसत नाही. स्कॅनला दहा-पंधरा मिनिटं लागतात, रिपोर्ट एकदोन दिवसांत. तुकड्याच्या तपासणीला आठवडा-दहा दिवस. उपचाराची तारीख लग्नाच्या आत पडली तरी ती घ्या. केमो घेतलेला बाप अक्षता टाकायला उभा राहू शकतो, मी असे बाप बघितलेत.

एवढं मात्र लक्षात ठेवा. पायातली ताकद कमी वाटली, चालताना पाय लटपटले, लघवीचा ताबा सुटला, तर दिवसाची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. मणक्यावर दाब आलेला असतो. इतर वाचकांसाठीही लिहून ठेवते: पापणी काही तासांत अचानक उतरली आणि बरोबर मान किंवा डोकं जोरात दुखतंय, किंवा पापणी पूर्ण मिटून बाहुली मोठी झालीय, तर ते रक्तवाहिनीचं दुखणं असू शकतं. त्याच दिवशी मोठं रुग्णालय. आणि ज्यांच्या घरात तान्हं आहे त्यांनी, फ्लॅशच्या फोटोत बाळाच्या एकाच डोळ्यात पुन्हा पुन्हा पांढरी चमक दिसली तर दृष्ट काढत बसू नये, त्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. बाळांच्या डोळ्यातल्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते.

ताई, आज रात्री एक कागद घ्या. खांदा कधी सुरू झाला, रात्री किती वेळा उठतात, मुंग्या कुठल्या बोटांना, पापणी कुठल्या फोटोत पहिल्यांदा दिसली, वजन उतरलंय का, विडी रोज किती, कुठली औषधं आणि इंजेक्शनं झाली, सगळं एकाच कागदावर लिहा. हाडाचे डॉक्टर, डोळ्याचे डॉक्टर, छातीचे डॉक्टर, ज्यांच्याकडे जाल त्यांच्या हातात तोच कागद द्या, ते घाईत असले तरी. आणि घामाची गोष्ट पहिल्या ओळीत लिहा. पंखा समोर होता, हेही लिहा.

रिपोर्ट आला की कळवा. मी वाट बघते.